तातीलीचा लसूण

रविवारी कुणी माझ्यासमोर ऑफिसचा विषय काढला, की माझी नजर आपोआप लसूण शोधायला लागते. लोकांना वाटतं, हा माणूस चळला. चळलो असेनही. पण मला चळवणारा माणूस साधासुधा नव्हता. ते माझे लोहाऱ्यातले घरमालक.

सगळा गाव त्यांना 'मालक' म्हणायचा, म्हणून मीही. खरं तर घर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या नावावर होतं आणि घरात हुकूमही काकूंचाच चालायचा. काकू माहेरच्या कर्नाटकातल्या, आळंदच्या बाजूच्या. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, पण एखादा वाद मिटवायचा असला की कानडीत उतरायच्या आणि एकच शब्द टाकायच्या, "साकू!" म्हणजे पुरे. त्यावर अपील नव्हतं. मालक तोंड उघडलेलं तसंच मिटायचे आणि पानाचा डबा शोधायला लागायचे.

मालक सारी नोकरी कारकुनीत घालवून रिटायर झालेले. अंगानं किडकिडीत, मिशा मात्र फौजदाराच्या. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो तेव्हा लोहाऱ्यातल्याच एका सरकारी कचेरीत खिडकीशी कॉम्प्युटरवर होतो. कंत्राटी. ह्या एका शब्दानं माझं लग्न अडवून धरलं होतं. पोरगी बघायला जायचं, पोहे खायचे, पोरीच्या बापानं विचारायचं, "पोरगं परमनंट हाय का?" आणि आम्ही चपला शोधायच्या. दोन ठिकाणी तर पोहे यायच्या आधीच विचारलं. आई गावाकडून फोन करून रडायची. तिशी दाराशी येऊन उभी होती, आणि मी इकडं खोलीत एकट्यापुरती खिचडी शिजवत बसायचो.

पाच दिवसांचा आठवडा झाला तोही परमनंट लोकांसाठी. शनिवार-रविवार कचेरीला कुलूप असायचं आणि माझा फोन मात्र वाजत राहायचा. "अरे, आज सर्व्हर मोकळा असतो, जरा येऊन तेवढं करून टाक ना." मी जायचो. नाही गेलो तर पुढचं कंत्राट कोण देणार?

राहायला गेलो त्या पहिल्याच शनिवारी दिवेलागणीला मालक दारात उभे राहिले आणि हात पुढं केला.

"आण तो मोबाइल."

"का?"

"तातील सुरू झाली."

मला वाटलं काही सणवार असेल. 'तातील' हा निजामाच्या राज्यातला शब्द. मालकांचे वडील वापरायचे, मालकांनी तो सांभाळून ठेवलेला. अर्थ सुट्टी. पण मालकांना हा अर्थ बिलकूल मंजूर नव्हता.

"सुट्टी येगळी आन् तातील येगळी," त्यांनी मला समजावलं. "सुट्टी सरकार देतं. तातील आपली आपण करावी लागती. सुट्टीत माणूस कपडे धुतो, दळण आणतो, बायकोशी भांडतो. तातीलीत ह्यातलं कायबी करायचं न्हाय. निसती मौज."

"आन् कपडे कोण धुणार?" आतून काकूंचा आवाज.

"सोमवार!" मालक म्हणाले, आणि माझा मोबाइल घेऊन त्यांनी तो ज्वारीच्या कोठीत टाकला. वरून दोन पसे ज्वारीही सारली. मी आईचं निमित्त पुढं केलं. तेही चाललं नाही. आईला काकूंचा नंबर त्यांनी आधीच देऊन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी घुमायला लागली. मी उठलो तशा काकू म्हणाल्या, "ज्वारी बोलवायलीय तुला. जाऊ नको."

"अवो काकू, ऑफिसचा फोन असेल—"

काकूंनी चुलीपुढचं ताट हळूच माझ्याकडं सरकवलं. त्यात लसणाची एक गड्डी होती. तातीलीत कामाचं नाव काढलं की एक गड्डी लसूण सोलायचा, हा त्या घरचा कायदा. ऑफिस, पगार, बदली, साहेब, रिपोर्ट, सर्व्हर, सगळे शब्द कामातच धरायचे. आजार चालायचा, राजकारण चालायचं, शेजाऱ्यांची निंदा तर लई चालायची. गड्डीही गावरान असायची, पाकळ्या बारक्या आणि चिवट. हायब्रीड लसूण सोलून शिक्षा होत नसते, असं मालकांचं मत होतं. त्या रविवारी मी पाच गड्ड्या सोलल्या आणि जेवताना नखांत जी आग झाली ती काय सांगू!

पण जेवणात हुलग्याचे शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या, ढीगभर लसूण घातलेल्या झणझणीत रश्श्यात रटरटून शिजवलेल्या. वरून कच्चं तेल. पहिला घास घेतला आणि शिक्षेबद्दलची माझी सगळी तक्रार तिथंच संपली. काकू रविवारी दुसरं काही करायच्याच नाहीत. शेंगोळ्याला लसूण पोतंभर लागतो आणि काकूंना लसूण सोलायचा मनापासून कंटाळा, हे मला नंतर कळलं. कायदा कुणी केला असेल, हा संशय तेव्हाच यायला पाहिजे होता. आला नाही.

मालकांचा दुसरा लाडका शब्द 'घबाड'. लोकांना घबाड म्हटलं की गाडग्यातल्या मोहरा आठवतात. मालकांना रविवारी संध्याकाळी ओट्यावर प्रत्येकाकडून हजेरी पाहिजे असायची : आज काय घबाड घावलं? नाही घावलं म्हणायची सोय नव्हती. दिवसभर डोळे मिटून फिरलास काय, म्हणून उद्धार व्हायचा.

त्यांची स्वतःची घबाडं ऐकण्यासारखी असत. वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर उलटं तोंड करून बसायचं, कारण पुढं बसणाऱ्याला नुसता येणारा रस्ता दिसतो, मागं बसणाऱ्याला गेलेला रस्ता निवांत बघता येतो. दुसऱ्याच्या शेतात पाणी चालू असलं की त्याला विचारून दांडात पाय सोडून बसायचं, स्वतःच्या शेतात ते जमत नाही, कारण तिथं वाफ्यांची दारं धरावी लागतात. थंडीत न्हाव्याच्या दुकानात पाळी लवकर आली तर मुद्दाम मागच्याला द्यायची आणि बाकड्यावर ऊन खात गप्पा ऐकायच्या. चांगल्या भाकरीचा वरचा पापुद्रा आधी खायचा नाही, तो शेवटाला राखायचा आणि मग राखलाय हे विसरायचं. आठवला की डबल आनंद.

एकदा ते मला ईट गावच्या बाजाराला घेऊन गेले. इतक्या लांब कशाला, विचारलं तर म्हणाले, "खरवडीला." तिकडं खव्याच्या भट्ट्या. मालक एका भट्टीवर जाऊन उभे राहिले. भट्टीवाल्यानं तत्परतेनं खवा दाखवला, पेढे दाखवले. मालकांनी मान हलवली.

"खवा काय कुणीबी खाईल. कढई रिकामी व्हायली का? तिची खरवड पायजे."

भट्टीवाला आधी बघतच राहिला. मग हसत हसत त्यानं उलथण्यानं कढईच्या कडेची तांबूस, करपट-गोड खरवड खरवडली आणि कागदावर दिली. आम्ही दोघं बाजाराच्या कडेला चपला अंगाखाली घेऊन बसलो आणि बोटं चाटत ती संपवली. मी खरं सांगतो, त्या दिवसापासून मला पेढा बेचव लागतो. मालकांनी माझं हे एक कायमचं नुकसान करून ठेवलंय.

कायद्यातून कुणालाही सूट नव्हती. एका रविवारी आमचे साहेबच जीप घेऊन दारात आले. त्यांना फोन करून करून वैताग आला असावा, कारण सकाळपासून कोठी तीनदा घुमली होती. मी शेंगा फोडत बसलेलो. साहेबांना बघून ताडकन उभा राहिलो.

"फोन का उचलत नाहीस? अर्जंट रिपोर्ट पाठवायचाय, चल."

मालक शांतपणे उठले, साहेबांना बाजेवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. "साहेब, पाणी प्या. 'रिपोर्ट' म्हणलात, 'अर्जंट' म्हणलात. दोन गड्ड्या झाल्या."

साहेबांना तो विनोद वाटला. ते हसले. तोवर काकू ताट घेऊन आल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवून गेल्या. साहेबांचं हसू मावळलं. "अहो बाई, मी इथं सरकारी कामासाठी—"

"तीन," मालक म्हणाले.

"हा काय चावटपणा आहे?"

"साकू!" काकू आतून म्हणाल्या. साहेबांना कानडी येत नव्हती, तरी समजलं. त्यांनी मुकाट्यानं पहिली पाकळी उचलली. माझं पुढचं कंत्राट त्या ताटात सोललं जात होतं! पण तिसऱ्या गड्डीपर्यंत साहेबांचा चेहरा सैल पडत गेला. ते त्यांच्या आजोळच्या गोष्टी सांगायला लागले. मग शेंगोळे जेवले, दोनदा वाढून घेतले, आणि लिंबाखालच्या बाजेवर जे आडवे झाले ते पार उन्हं उतरेपर्यंत. रिपोर्ट सोमवारी गेला. आभाळ काही कोसळलं नाही.

पुढं साहेब अधूनमधून रविवारी स्वतःहून यायला लागले. येताना खिशात गड्डी घेऊन. "मालक, आज आधीच सोलतो. मग पोटभर बोलतो," म्हणायचे. त्यालाही मालकांनी परवानगी दिली. दंड आगाऊ भरलेला चालतो, अशी कायद्यात सुधारणा झाली.

मालक स्वतः मात्र कधीच लसूण सोलायचे नाहीत. तशी वेळच आणायचे नाहीत स्वतःवर. सारा जन्म कचेरीत गेलेला माणूस, पण तातीलीत तर सोडाच, एरवीही त्यांच्या तोंडून कचेरीचा शब्द मी ऐकला नव्हता. मला कधी 'काम कसं चाललंय' म्हणून विचारलं नाही. आधी मला बरं वाटायचं. मग मनात कुठंतरी खुपायला लागलं. म्हटलं, ह्या माणसाला आपल्या पोटापाण्याशी काही घेणंदेणं नाही. ह्यांना आपले दांडातले पाय आणि खरवड.

एका संध्याकाळी हजेरी झाल्यावर मालक म्हणाले, "तेरखेड्याला एक पोरगी हाय."

काकूंनी कान टवकारले. मालक दिवाळीच्या आधी दरसाल तेरखेड्याला जायचे. फटाके घ्यायला नाही, ऐकायला. तिथं घरोघर शोभेची दारू बनते, नवीन माल बनला की गावाबाहेर माळावर आवाज करून बघतात. तो आवाज ऐकायचा आणि परत यायचं, हे मालकांचं वर्षाचं घबाड. तिथल्याच एका फटाकेवाल्याशी त्यांची ओळख झालेली. त्याची पोरगी आरोग्य केंद्रात नर्स.

"येत्या रविवारी बघायला जायचं," मालक म्हणाले.

"अवो, पोरगी बघणं काम हाय का तातील?" काकूंनी मुद्दा काढला.

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "बघणं तातील. करणं काम."

काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की मालकांनी पुढचं वाक्य गिळलं. मी मात्र वैतागलेलो होतो. म्हटलं, "मालक, नको. तिथंबी तेच इचारतील. पुन्हा चपला शोधायच्या. मला आता सोसत न्हाय."

"म्हणून तर रविवार धरलाय," मालक डोळे बारीक करून म्हणाले. "तातीलीत कामाचं कुणाला इचारता येत न्हाय."

"म्हंजे फसवायचं?"

"फसवायचं कशाला? एकदा तरी पोरीच्या घरचे पोहे शेवटपस्तोर खा की लेका!"

रविवारी पहाटे दोन एसट्या बदलून आम्ही निघालो. आई गुडघ्यांमुळं येऊ शकली नाही. तिनं मालकांना फोनवर सांगितलं, तुम्हीच त्याचे वडीलधारे. काकूंनी पाहुण्यांसाठी पिशवीत गावरान लसणाची जुडी घातली. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणाल्या. मालकांनी ती पिशवी सारा रस्ता मांडीवरून खाली ठेवली नाही.

पोरीचे वडील मोठे दिलखुलास माणूस. दारूकामानं बोटं चंदेरी झालेली, कितीही घासली तरी न निघणारी. आणि आयुष्यभर आवाज करून करून कानांनी बऱ्यापैकी राम म्हटलेला. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि तेही ओरडूनच बोलत. आम्ही सतरंजीवर बसलो न बसलो तोच त्यांनी पहिला बार काढला.

"पाव्हणं, पोरगं काय करतंय?"

माझी नजर चपलांकडं गेली. मालक मात्र तयार होते. "आज तातील हाय!" ते ओरडले.

"वातीला? वातीला काय झालं?" पोरीचे वडील दचकून उठलेच. फटाकेवाल्याला वातीशिवाय दुसरं काय ऐकू येणार! "ओली निघाली का? मागच्या खेपेचा माल का?"

"वात न्हाय, तातील! ता-ती-ल!"

"मंग वातीलाच की!"

शेवटी पोरीची आई धावून आली. मालकांनी तिला सगळा कायदा समजावला, तिनं तो नवऱ्याच्या कानात ओतला, आणि तो गृहस्थ असा खदाखदा हसला की मला वाटलं सतरंजी हलली. "झकास! ही आपल्याला पसंत हाय तातील! तर मग या, एक आवाज दावतो!" म्हणाले आणि आम्हाला घेऊन थेट माळावर गेले. नवीन बनवलेला एक बाण त्यांनी लावला. भर दुपारी, स्वच्छ उजेडात. दिसलं काही नाही, पण वर जाताना तो असा शीळ घालत गेला की मालक तोंड उघडं टाकून बघत राहिले. "दिवसा बाण," ते मला हळूच म्हणाले, "कुणी बघतंय का बघ. एकट्या आपल्यासाठी उडवला. ह्याला म्हणायचं घबाड."

परत आलो, पोहे आले. मी पोहे खाल्ले. खरंच, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ले. पोरीचे वडील मालकांशी आवाजांच्या गोष्टी करत होते, पोरीची आई आमचा लसूण हातात घेऊन वाखाणत होती, आणि मला हवं तेच चाललं होतं. कुणी विचारत नव्हतं. पण मला आनंद होईना. न विचारलेला प्रश्न माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्यासारखा वाटत होता. आतून सगळं ऐकत असलेली पोरगी बाहेर आली. तिनं चहा ठेवला, सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि रिकामं ताट पुढ्यात घेऊन समोर बसत आईच्या हातातल्या जुडीतली एक गड्डी ओढून घेतली.

सोलायला लागली. कुणाला काही कळेना.

"अगं, हे काय करायलीस?" आई म्हणाली.

"दंड आधी भरायली," ती म्हणाली, आणि पाकळी ताटात टाकून सरळ माझ्याकडं बघितलं. "आता इचारते. तुम्ही परमनंट हाव का?"

मालकांचा चहा बशीतच राहिला. त्यांची सगळी युक्ती त्या पोरीनं एका गड्डीत उलटवली होती. आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

"न्हाय," मी म्हटलं. "कंत्राटी हाय."

"मी बी कंत्राटीच हाय," ती म्हणाली आणि दुसरी पाकळी सोलायला घेतली.

इथंवर ठीक होतं. पण तिच्या वडिलांना बाकी काही ऐकू येवो न येवो, 'परमनंट' हा शब्द मात्र बरोबर ऐकू गेला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"न्हाय व्हय परमनंट?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात. मग आपल्या चंदेरी बोटांकडं बघत म्हणाले, "राग मानू नका, पाव्हणं. आमचा धंदा तर बघायलाव तुम्ही. एका ठिणगीचा भरवसा न्हाय. सारा जन्म जीव मुठीत धरून काढला. पोरीला तरी पक्क्या घरात द्यावं, एवढीच इच्छा हाय. पोरगं चांगलंय. पण..."

ते 'पण' मला पाठ होतं. त्याच्या नंतर चपला येतात. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो. पोरीनं मान खाली घातली, पण लसूण काही हातातून ठेवला नाही.

"बस खाली," मालक म्हणाले.

त्यांनी ताट स्वतःपुढं ओढलं, एक गड्डी घेतली, तळव्याखाली दाबून कटकन फोडली, आणि अंगठ्याच्या एका दाबात पाकळीचं साल बाजूला. दुसरी पाकळी, तिसरी. मी बघतच राहिलो. ज्या माणसाला मी कधी लसणाला हात लावताना बघितलं नव्हतं, त्याची बोटं अशी चालत होती की आम्ही सगळे सोलणारे त्याच्यापुढं शिकाऊ. आणि सोलता सोलता मालक कचेरीबद्दल बोलायला लागले. तातीलीत. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"पाव्हणं, म्या सारी नोकरी कचेरीत काढली. परमनंट लई बघितले. खुर्चीला कोट टांगून चहाला जाणारे बघितले. ह्या पोराला काढायला एक कागद पुरं हाय, खोटं कशाला बोलू? पर कचेरीसमोरच्या हाटेलात म्या रोज चहाला बसतो. कचेरीत खिडक्या चार. म्हाताऱ्या बाया मात्र ह्याच्याच खिडकीला थांबत्यात. बाकीच्या खिडक्या रिकाम्या असल्या तरी थांबत्यात. म्या एकीला इचारलं, का गं बाई, उन्हात हितंच का? ती म्हणली, हे लेकरू 'उद्या या' म्हणत न्हाय." मालकांनी शेवटची पाकळी ताटात टाकली. "म्याबी नोकरी केली. मला न्हाय जमलं ते. म्या लई जणांना 'उद्या या' म्हणलं."

मला वाटत होतं, ह्या माणसाला माझ्या कामाचं काही पडलेलं नाही, आणि हा रोज समोर बसून माझी खिडकी बघत होता! मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. आशीर्वादाचे हात लसणाचे होते.

पोरीचे वडील कानाला हात लावून पुढं वाकले. "काय म्हणले? शेवटलं काय म्हणले?"

पोरगी वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात ओरडली, "हे 'उद्या या' म्हणत न्हायत!"

"उद्या?" ते म्हणाले. एकदा पोरीकडं बघितलं, एकदा ताटातल्या लसणाच्या ढिगाकडं. "उद्या कशाला? आजच ठरवून टाकू की!"

त्यांना ऐकू आलं होतं की नाही, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. बायकोला मात्र विचारलं. ती म्हणते, आधी एक गड्डी सोला, मग सांगते.

परतायला अंधार पडला. काकू ओट्यावर वाट बघत बसलेल्या. मी पाया पडलो, ठरलं म्हटलं, काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मग रिवाजाप्रमाणं हजेरी सुरू झाली.

"तुमचं काय घबाड?" काकूंनी मालकांना विचारलं.

"दिवसा बाण बघितला," मालक म्हणाले. दोन्ही हात पाठीमागं.

"हात दावा."

"आगं, हाताला काय झालंय?"

"दावा म्हणते ना."

मालकांनी हात पुढं केले. काकूंनी ते नाकाशी नेले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुला म्हाईत न्हाय. ह्यांनी सारी नोकरीभर कचेरी घरी आणली. ताटावर बसले की साहेब, निजले की फायली. रविवार न्हाय, सण न्हाय. म्या म्हणलं, बोला खुशाल, पर हात रिकामे ठिवू नका. रोज लसूण दिला पुढ्यात. रिटायर झाले त्या दिवशी शब्द दिला मला. म्हणले, आता कचेरीचं नाव काढणार न्हाय."

"आणि काढलं न्हाय?" मी विचारलं.

"कंदीच न्हाय." मग मालकांकडं बघून विचारलं, "आज कुणासाठी मोडला?"

मालकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, शाळेतल्या पोरानं खडू लपवावा तसं. मग मुकाट्यानं भिंतीकडचं ताट ओढलं आणि एक गड्डी उचलली. "तिथला दंड तिथं भरला," ते पुटपुटले. "घरचा येगळा."

काकूंनी त्यांच्या हातातून गड्डी काढून घेतली आणि ताट परत भिंतीशी सारलं.

"साकू," त्या म्हणाल्या.